वाफबाईंच्या नाकावरची सोंड

वाफबाईंना राग आला की त्या भांडत नाहीत, पुसायला लागतात. हातात फडकं आणि समोर सापडेल ते. टेबल, खिडकीचे गज, दाराची कडी. मुलगी लहान होती तेव्हा तिचं तोंडसुद्धा. त्या महिन्यात घरातलं एकेक भांडं असं लखलखत होतं की आरशाची गरजच उरली नव्हती. आणि ज्या भांड्यात बघावं त्यात तेच एक तोंड: नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल वळ, गालांवर पट्ट्यांच्या खुणा, कुणी चिमटे लावून रात्रभर दोरीवर वाळत घातल्यासारखं. तोंड दिसलं की राग, राग आला की पुसणं, आणि पुसलं की पुन्हा तेच तोंड, आधीपेक्षा स्वच्छ. असा तो फेरा चालला होता.

आता या बाई कोण ते आधी सांगायला हवं. मोठ्या दवाखान्याच्या तळघरात एक खोली आहे. ऑपरेशनची हत्यारं, चादरी, कापूस, सगळं तिथे येतं, कापडात बांधलं जातं आणि वाफेच्या भट्टीत निर्जंतुक होऊन वर जातं. भट्टी म्हणजे भिंतीत बसवलेलं भलंमोठं पोलादी पिंप. त्याला जाड गोल दार, दाराच्या कडेने रबराचं कडं, आणि बाहेरून आवळायला एक मोठं चाक. रबर पुसायचं, दार लावायचं, चाक फिरवत न्यायचं आणि मग वाफ सोडायची. कडेने फुस्स ऐकू आलं की चाक आणखी आवळायचं. हेच काम बाईंनी उभा जन्म केलं, म्हणून त्या वाफबाई. भट्टी चालू करायची किल्ली त्यांच्या कमरेला असायची आणि त्यांनी बांधलेलं पुडकं उघडताना वरचे सर्जन दुसऱ्यांदा तपासत नसत. माणसाला दुसरं काय लागतं?

मग एका दुपारी बाई भट्टीसमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपल्या. डुलकी वगैरे नाही, चांगल्या ढाराढूर. भट्टीचं काम केव्हाच आटपलेलं, वर टेबलावर पेशंट आडवा, पुडकी कुठे आहेत म्हणून फोन वाजतोय, आणि बाईंना पत्ता नाही. शेवटी एक सर्जन स्वतः जिने उतरून खाली आले. पेशंटचं वाकडं काही झालं नाही, ऑपरेशनला थोडा उशीर झाला एवढंच. पण सर्जन पडले विनोदी. वर जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, तळघरात दोन भट्ट्या आहेत हे मला आजच कळलं, आणि दुसरीचा आवाज पहिलीपेक्षा मोठा आहे. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कॅन्टीनपासून गेटपर्यंत पोचली आणि प्रत्येक मजल्यावर तिला नवं शेपूट फुटलं.

मेट्रनबाईंनी दुसऱ्याच दिवशी किल्ली काढून घेतली. दवाखान्यातल्या सगळ्या नर्स आणि तळघरातली सगळी माणसं या मेट्रनबाईंच्या हाताखाली. बाई शिस्तीच्या, पदराची घडी हलणार नाही अशा. त्यांनी शांतपणे सांगितलं की आधी झोपेच्या डॉक्टरांकडे जा, ते मला फोन करून ‘आता हरकत नाही’ म्हणेपर्यंत भट्टीजवळ फिरकायचं नाही. महिनाभर वाट बघेन, नाहीतर खुर्ची कायमची दुसऱ्या कुणाला देईन. ती दुसरी कोण, हे सांगायची गरजच नव्हती. बाईंच्या हाताखाली एक पोरगेली बाई होती, तिला सगळे लगबग म्हणत. चार कामं एकदम सुरू करायची आणि पाचव्याकडे पळायचं, अशी तिची तऱ्हा. ती त्या दिवसापासून भट्टीवर, आणि वाफबाई कोपऱ्यातल्या टेबलावर बसून जाळीच्या कापडाच्या घड्या घालणार. नव्या माणसाला पहिल्या दिवशी जे काम देतात, ते.

आता बाईंच्या तळपायाची आग मस्तकात का गेली ते ऐका. त्या झोपल्या हे त्यांना मान्य होतं. पण रोज जेवणानंतर मेट्रनबाईंच्या खोलीचं दार लोटलं जातं. बाहेर त्यांचा म्हातारा शिपाई ओठावर बोट ठेवून उभा राहतो. कुणी काही काम घेऊन आलं की कुजबुजतो, मॅडम विचार करतायत. आणि तो विचार सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जातो, करवतीने लाकूड कापल्यासारखा. त्यावर कुणी विनोद करत नाही, पाय न वाजवता माणसं पुढे निघून जातात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

झोपेच्या डॉक्टरांनी बाईंना एक रात्र ठेवून घेतलं, डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावल्या आणि सकाळी सांगितलं की झोपेत तुमचा श्वास थांबतो. एकदा दोनदा नाही, रात्रभर. घसा सैल पडतो, वाट मिटते, मग मेंदू दचकून जागा होतो, तुम्ही एक घोट हवा घेता, पुन्हा झोपता, पुन्हा तेच. त्यामुळे तुम्ही पडून असता, पण झोप अशी तुम्हाला मिळतच नाही. बाई म्हणाल्या, काहीतरीच काय, मी आडवी पडले की मेल्यासारखी असते. डॉक्टर म्हणाले, तेच तर सांगतोय.

त्यावर उपाय म्हणून घरी आलं ते एक खोकं. डब्याएवढं यंत्र, त्यातून निघालेली लांब लवचीक नळी, आणि नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मऊ रबराचा मुखवटा, डोक्यामागून घ्यायच्या पट्ट्यांसकट. यंत्र रात्रभर हवा ढकलत राहणार, म्हणजे घशाची वाट मिटणार नाही. बसवून दाखवणाऱ्या मुलीने बाईंना खुर्चीत बसवून, घाईघाईने पट्ट्या ओढून, झालं म्हणून सांगितलं. किती वेळ वापरलं हे यंत्र आपलं आपण डॉक्टरांना कळवतं, असंही वर ऐकवलं. म्हणजे घरात सासू नव्हती ती आणून ठेवली. बाईंनी नळीला नाव दिलं सोंड, आणि यंत्राला कुठलंच दिलं नाही, कारण नाव दिलं की माया लागते.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. इथे नाक दाबून वाऱ्याचा मार. बोलायला तोंड उघडलं की सगळी हवा तोंडातून बाहेर, म्हणजे ‘दिवा मालवा’ एवढंही म्हणायची सोय नाही. कूस बदलली की सोंड उशीखाली अडकायची. पण या सगळ्याच्या वरचढ म्हणजे ते फुस्स. मुखवट्याच्या कडेने हवा निसटायची आणि नेमकी डोळ्यात जायची.

आणि इथेच बाईंनी ती चूक केली जी जगात फक्त वाफेच्या भट्टीवरचं माणूस करेल. फुस्स झालं म्हणजे काय करायचं हे त्यांच्या हाताला विचारावं लागत नव्हतं. त्या उठून आरशासमोर ताठ बसल्या. रबराची कडा पुसली. मग डावी पट्टी थोडी, उजवी थोडी, पुन्हा डावी, पुन्हा उजवी, अशी समतोल आवळत आणली, जशी कुठलीही शहाणी बाई झाकण आवळते. कडेने हात फिरवला. टिपूस नाही. समाधानाने आडव्या झाल्या आणि पुन्हा फुस्स. पुन्हा उठल्या, पुन्हा आवळलं. जितकं आवळावं तितकं जास्त फुसफुसायचं. सकाळी मुखवटा पलंगाखाली, यंत्र चादरीला वारा घालतंय, आणि बाईंच्या नाकावर वळ. झोपेत त्या तो कधी ओढून काढायच्या हे त्यांनाही कळायचं नाही.

थोड्या दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. ती म्हणाली, तुमचा वापर फार कमी आहे आणि गळती खूप आहे. गळती! जिच्या दारातून आयुष्यात वाफेचा धागा निसटला नाही तिला ही कालची पोर गळती ऐकवत होती. बाईंनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज एकेक करून पुसले.

घरात सल्ला द्यायला माणूस होताच. बाईंचे यजमान ड्रायव्हिंग स्कूल चालवतात, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून क्लच सोडा, ब्रेक दाबू नका, असं बोलून बोलून मास्तरांना घरीही गप्प राहवत नाही. दार कसं लावावं, चहा कसा गाळावा, सगळ्यावर त्यांचं मत. सोंडेवर मत नसतं तरच नवल. पट्ट्या सैल सोड, म्हणाले. नवशिका स्टिअरिंगला लटकतो तेव्हाच गाडी जास्त हलते. बाई म्हणाल्या, वाफेला सैल सोडलं की माणसं भाजतात, आणि तुम्ही उंटावरून शेळ्या हाकू नका. त्यावर मास्तर म्हणाले, ही वाफ नाही, हवा आहे. बाईंनी त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि विसळून टाकला. कप अजून अर्धा भरलेला होता.

दवाखान्यात तर रोजचं मरण. घड्या घालता घालता बाईंचे कान भट्टीकडे. लगबग रबर न पुसता दार लावते हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. सांगावं तर ‘किल्ली गेली तरी तोरा गेला नाही’ असं म्हणतील, न सांगावं तर हात शिवशिवतात. जाता येता कुणीतरी नाकावरचे वळ बघून विचारायचं, मास्तरांनी चष्मा घेऊन दिला की काय. बाई हसत नसत. महिना सरत चालला होता आणि सोंडेपायी आपली भट्टी जाणार हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. जी बाई ताप अंगावर काढून कामाला गेली, तिला शेवटी झोप नडणार. याहून हास्यास्पद काही असेल तर सांगा.

त्या रविवारी मुलगी माहेरी आली होती. तिचं सासर दोन गल्ल्या सोडून, पण येते ती पाहुण्यासारखी. आईशी वागणं नीट, पण एका अंतरावरून. त्याला कारण होतं आणि ते दोघींना माहीत होतं. मुलगी शाळेत असताना तिने एका नाटुकल्यात मुख्य काम केलं होतं, महिनाभर घरात तेच चाललं होतं. नाटुकल्याच्या दिवशी बाई पहिल्या रांगेत बसल्या आणि पडदा वर जाताच झोपल्या. नुसत्या नाही, आवाज करून. स्टेजवरची पोरं हसली, मुलगी वाक्य विसरली. त्यानंतर तिने आईला शाळेत कधी बोलावलं नाही. बाईंनी माफी किती वेळा मागितली याला गणती नाही. पण माफी मागून झोप काही गेली नाही, त्यामुळे माफीलाही किंमत राहिली नाही.

तर त्या दुपारी जेवणं झाली आणि मास्तरांनी लेकीसमोर पुन्हा तोच विषय काढला. तुझी आई ऐकत नाही, सैल सोड म्हणून सांगतोय. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाल्या, चला, हातच्या काकणाला आरसा कशाला, दोघांनीही या आणि डोळ्यांनी बघा. त्या आतल्या खोलीत गेल्या, पलंगावर सरळ आडव्या झाल्या, मुखवटा नाकावर ठेवला आणि सगळ्या पट्ट्या इतक्या सैल सोडल्या की खाली बोटं सहज जावीत. यंत्र सुरू केलं. आता कसं फुसफुसतं ते ऐका, एवढं बोलून त्यांनी तोंड मिटलं आणि दोघांकडे विजयाने बघितलं.

फुसफुसलं नाही. इतके दिवस पट्ट्यांनी चेपून ठेवलेली रबराची कड आतल्या हवेने हळूहळू फुगली, जराशी सरकली आणि नाकाभोवती आपली आपण बसली. बाईंनी कडेने हात फिरवला. टिपूस नाही. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. तरी नाही. भट्टीचं दार बाहेरून आवळायचं असतं, आणि हे दार आतल्या हवेनेच लागणारं होतं. आणि तेही आडवं पडल्यावर, कारण पडलेल्या माणसाचं तोंड बसलेल्या माणसाचं नसतं. हे बाईंना त्या क्षणी कळलं आणि मास्तरांसमोर कळलं याचा त्यांना अतोनात राग आला. कधीतरी फुस्स होईलच, या आशेवर त्या तशाच पडून राहिल्या. वाट बघता बघता त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा खोलीत दिवा लावलेला होता. आधी बाईंना वाटलं, आपल्याला काहीतरी झालं आहे. डोकं हलकं. कित्येक वर्षं डोक्यात ओला कापूस भरलेला असावा आणि तो कुणी उपसून काढावा, तसं. बाहेरच्या नळाचं टपटपणं ऐकू येत होतं, पडद्यावरची फुलं निळी आहेत हे दिसत होतं. आपण झोपलो होतो, झोप संपली आणि उठलो. इतकी साधी गोष्ट, आणि ती त्यांना ओळखूच येईना. अशा नुसत्या झोपेचं त्यांना रडू येऊ लागलं. त्यांनी मुखवटा काढला. पायथ्याशी मुलगी बसली होती आणि उशाशी खुर्ची ओढून मास्तर. मास्तरांचा एक हात पलंगाच्या कडेवर, बाईंच्या खांद्याजवळ होता.

मास्तरांचा चेहरा पोर पहिल्यांदा पास झाल्यासारखा फुललेला. म्हणाले, “आज एकदाही हलवावं लागलं नाही.”

“हलवावं म्हणजे?”

“श्वास थांबायचा ना तुझा. मग मी खांदा हलवायचो. हलवलं की घ्यायचीस.”

बाई उठून बसल्या. मास्तर आपल्याच आनंदात सांगत सुटले की सुरुवातीला फार भीती वाटायची, मग सवय झाली, आवाज थांबला की झोपेतच हात जायचा. त्यांना वाटत होतं, बायकोला कौतुक वाटेल.

“कधीपासून?” बाईंनी विचारलं.

मास्तरांनी लेकीकडे बघितलं. लेक चादरीच्या सुरकुत्या मोजायला लागली. मास्तर म्हणाले, ही शाळेत जायची तेव्हापासून. थोडं आधीपासून.

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“अगं, बाईमाणसाला रात्रभर घोरतेस, गुदमरतेस म्हणून कसं सांगायचं? तुला वाईट वाटलं असतं.”

“मेले असते तर वाटलं नसतं, नाही का?”

बाईंच्या डोळ्यांसमोरून एकेक गोष्ट गेली. सासूबाई जिवंत असताना चार माणसांत म्हणायच्या, आमची सून म्हणजे कुंभकर्णाची धाकटी बहीण. तेव्हा हा माणूस पेपर वाचत बसलेला. त्या भाजी चिरता चिरता पेंगायच्या, नणंदा हसायच्या, आणि बाई ओशाळून म्हणायच्या, हो, मी आहेच आळशी. स्वतःच्या तोंडाने म्हणायच्या! इतक्या वेळा म्हटलं की ते खरंच वाटायला लागलं. आपल्यात काहीतरी कमी आहे, इतर बायकांसारखी जिद्द नाही, अशी समजूत करून घेऊन त्यांनी आयुष्य काढलं. आणि शेजारी झोपलेल्या माणसाला सगळं ठाऊक होतं. दुनियेचा क्लच सुधारणारा हा माणूस एवढ्या एका गोष्टीवर दातखीळ बसल्यासारखा गप्प राहिला. प्रेमाने गप्प राहिला, हे तर त्याहून वाईट. वाईटपणाने राहिला असता तर निदान भांडता आलं असतं.

मुलगी एकाएकी रडायला लागली. म्हणाली, मलाही माहीत होतं गं आई. बाबा म्हणाले, आईला बोलू नकोस. मला काय माहीत, त्यामुळे तू नाटकात झोपलीस? मला वाटलं, तुला माझं नाटक बघायचंच नव्हतं. बाईंनी तिला जवळ घेतलं. ते अंतर तिथेच मिटलं, पण राग काही मिटला नाही. उलट आता त्याला तोंड फुटलं. एवढा राग येऊनही आज त्यांना काही पुसावंसं वाटलं नाही. त्यांनी मास्तरांना स्वच्छ शब्दांत सांगितलं की यापुढे माझ्याबद्दल जे दिसेल ते मला सांगायचं, वाईट वाटायचं की नाही ते माझं मी बघून घेईन. मास्तर शिकाऊ माणसासारखे ‘हो’ म्हणाले.

त्यानंतर सोंडेचा त्रास राहिला नाही असं नाही. घसा कोरडा पडायचा, कधी नळी गळ्यात यायची, आणि मास्तरांचा हात जुन्या सवयीने खांद्यावर येऊन थबकायचा. पण बाई रोज पट्ट्या सैल ठेवून झोपू लागल्या आणि सकाळी माणसासारख्या उठू लागल्या. गालावरचे वळ गेले. यंत्र बसवून देणाऱ्या मुलीचा पुन्हा फोन आला, तुमची गळती थांबली म्हणाली. बाई म्हणाल्या, पुढच्या पेशंटला आडवं पाडून बसवत जा, खुर्चीत नको. महिना संपायच्या आत डॉक्टरांनी मेट्रनबाईंना फोन केला, आणि मेट्रनबाईंनी निरोप धाडला की दुपारी येऊन किल्ली घेऊन जा.

बाई निघाल्या त्या नाकावर टिच्चून निघाल्या. घड्यांच्या टेबलावरून उठताना त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. वर गेल्या तर मेट्रनबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं आणि बाहेर शिपाई ओठावर बोट ठेवून उभा. कुजबुजला, मॅडम विचार करतायत.

बाई थांबल्या. आतून करवतीचा आवाज येत होता. एक फेरी, दुसरी फेरी, आणि मग काहीच नाही. शिपाई निवांत होता. आवाज थांबला म्हणजे शांतता, एवढंच त्याच्या लेखी. बाईंचा मात्र जीव खालीवर. त्यांना ती शांतता आता कळत होती. बऱ्याच वेळाने आत दचकल्यासारखा एक श्वास ओढल्याचा आवाज झाला आणि करवत पुन्हा सुरू झाली. शिपाई हसून म्हणाला, थोड्या वेळाने या.

एक सांगतो, त्या वेळी बाईंच्या मनात पहिली गोष्ट आली ती शहाणपणाची. किल्ली घ्यावी, थँक्यू म्हणावं आणि खाली जावं. ज्या बाईने आपली खुर्ची काढली तिच्या तोंडावर ‘तुम्ही घोरता’ म्हणायचं? आणि तेही किल्ली तिच्या हातात असताना? मेट्रनबाईंना वाईट वाटेल. आणि हे शेवटचं वाक्य मनात आलं मात्र, बाईंना ते कुणाचं आहे ते ओळखू आलं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी शिपायाला बाजूला केलं आणि दार ढकललं.

मेट्रनबाई दचकून जाग्या झाल्या, पदर सारखा केला, टेबलावरचे कागद उगाच हलवले. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बाईंनी आजवर कधी बघितली नव्हती. किल्ली टेबलावर ठेवलेली होती. मेट्रनबाई म्हणाल्या, डॉक्टरांनी आता हरकत नाही म्हणून कळवलं आहे, घ्या आणि पुन्हा असं होऊ देऊ नका.

बाईंनी किल्लीला हात लावला नाही. म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही झोपेत घोरता. आणि मध्ये तुमचा श्वास थांबतो. मी आत्ता बाहेर उभी राहून ऐकलं.”

मेट्रनबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. “तुम्ही किल्ली घ्यायला आलात की हे सांगायला?”

“किल्लीच घ्यायला आले होते. नाही दिलीत तरी चालेल. पण मला कुणी सांगितलं नव्हतं.”

आता आपली भट्टी गेली, असं बाईंनी मनाशी धरलं आणि तरीही त्या जागच्या हलल्या नाहीत. मेट्रनबाई टेबलाकडे बघत होत्या. दुपारचा रोजचा जडपणा, बैठकीत गळणारी मान, घरी माणसांवर उगाच ओरडणं, कायकाय त्यांच्या डोक्यातून गेलं असेल ते त्यांनाच ठाऊक. मग त्यांनी मान वर केली आणि बाईंच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. तिथे म्हातारा शिपाई उभा होता. त्याचं बोट अजून ओठावरच होतं.

“या काय म्हणतात ते खरं आहे?” मेट्रनबाईंनी त्याला विचारलं.

शिपायाने बोट खाली घेतलं आणि आपल्या चपलांकडे बघत राहिला. म्हणाला, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोलत नव्हतं.

मेट्रनबाईंनी किल्ली न बघताच बाईंच्या बाजूला सरकवली. वाफबाईंनी ती उचलली, कमरेला अडकवली आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या, कारण हे लवकर संपणारं नव्हतं. मेट्रनबाई अजून शिपायाकडेच बघत होत्या.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.